काचेआडची गादी

दुसऱ्या लग्नानंतर आमच्यात पहिली कुरबूर झाली ती गादीवरून. खरं तर कुरबूर म्हणावी इतकंही बोलणं झालं नव्हतं. त्या दिवसांत आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून बोलायचो, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं.

मी साकोलीत प्राथमिक शाळेत शिक्षिका. पन्नाशी ओलांडलेली, आणि बरीच वर्षं एकटी. एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला. माझे दुसरे पती मोहाडीचे, कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणणाऱ्या आणि विकणाऱ्या घरातले. त्यांची पत्नीही काही वर्षांपूर्वी गेलेली. मुलीच्या लग्नासाठी कोशाची साडी घ्यायला मी त्यांच्या दुकानात गेले होते. पदराच्या रंगावरून आमचा वाद झाला, मी त्यांचं ऐकलं, आणि साडी मुलीला इतकी आवडली की पुढे मी दर सणाला मोहाडीला काही ना काही घ्यायला जाऊ लागले. हे सगळं माझ्या आधी मुलीच्या लक्षात आलं. तिनंच त्यांच्या मुलाला फोन केला, दोघांनी मिळून आम्हाला समोरासमोर बसवलं आणि रजिस्टर लग्न लावून दिलं.

माझी नोकरी साकोलीत, म्हणून तेच माझ्या घरी राहायला आले. "दुकानात आता माझं काय काम? सून माझ्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक सांभाळते," एवढंच म्हणाले आणि एक सुटकेस नि चष्म्याची दोन घरं घेऊन आले. गावातली सगळी मला 'बाई' म्हणतात. तेही 'बाई'च म्हणायचे. नावानं हाक मारायला त्यांना संकोच वाटत होता, आणि मलाही त्यांना काय म्हणावं ते सुचत नव्हतं, म्हणून मी नुसतं "अजी" म्हणून भागवत होते.

घरात सागवानाचा मोठा पलंग होता. माझ्या पहिल्या यजमानांनी जंगल खात्याच्या लिलावातून लाकूड आणून करवून घेतलेला. त्यावर कापसाची गादी. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, कापूस पिंजून गादी पुन्हा भरून द्यायचा. तो यायचा बंद झाला आणि गादी तशीच राहिली. मी वर्षानुवर्षं एकाच कडेला झोपल्यामुळे तिथे खड्डा पडलेला. दुसऱ्या कडेला शाळेच्या उत्तरपत्रिका, इस्त्रीचे कपडे, वाचायची राहिलेली वर्तमानपत्रं असत. ती बाजू दगडासारखी घट्ट झालेली. म्हणजे पलंगावर एक टेकडी आणि एक तळ्यासारखी बोडी होती. टेकडीवर झोपलेला माणूस आपोआप बोडीत घरंगळायचा.

नव्या नवऱ्याला ही अडचण मला सांगता येईना, आणि त्यांना मला.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी उठून पाहते तर ते खाली फरशीवर चटई टाकून, हाताची उशी करून झोपलेले.

"काय जी, काय झालं?"

"काही नाही. मले खाली बरं वाटते," ते म्हणाले, आणि चटई गुंडाळून दाराआड उभी केली. जणू आपला पसारा दिसू नये असं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी शाळेत मुलांच्या डोळ्यांत पाहून कोण खोटं बोलतंय ते ओळखते, पण या माणसापुढे मला काही समजेना. वाटलं, पस्तावले असतील. या वयात कुणाच्या घरी येऊन राहायचं, त्यांना जड जात असेल. चहात साखर किती, हे विचारण्यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं, तिथे हे कसं विचारणार?

मी विचारलं नाही, पण शेजारच्या वहिनींनी पाहिलं. त्या सकाळी दह्याची वाटी परत करायला आल्या, दार उघडं होतं, आणि खोलीत नवरदेव जमिनीवर. दुपारपर्यंत गोष्ट शाळेत पोचली. स्टाफरूममध्ये डबा उघडताना सोबतची शिक्षिका म्हणाली, "काय बाई, नवरदेवाले खाली झोपवता म्हणे? काहून बा, एवढ्यातच?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण डबा तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी मुलीला फोन केला आणि आडवळणानं सांगितलं. ती इतका वेळ हसली की मी फोन ठेवायला निघाले.

"आई, तुमचं काही बिनसलेलं नाही. तुझी गादी बिनसलीय. त्या गादीवर मी माहेरपणाला आले तरी माझी कंबर धरते. मोहाडीच्या बाबांना कडक लागत असेल, तुला मऊ लागतं. मधली घ्या. मीडियम. हायब्रीड म्हणून येते, खाली स्प्रिंगा, वर फोम. मी इथून ऑनलाइन पाठवते."

हायब्रीड म्हटलं की मला धान आठवतं. माझं माहेर दिघोरीचं, धानाच्या बांध्यांमधलं. तिथे हायब्रीडचं बियाणं आलं तेव्हा घरात महिनाभर तोच विषय होता. गादीतही ते निघालं, हे मला नवीन होतं.

फोन स्पीकरवर होता. ते बाहेर झाडांना पाणी घालत होते, तिथूनच म्हणाले, "ऑनलाइन नको म्हणा. कापडाले हात लावल्याशिवाय कापड घेऊ नये. गादी तर अख्खं अंग लावून पाहायची गोष्ट आहे."

मुलीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं तर! मी लाजून फोन बंद केला. ते मात्र पाण्याचा पाइप तसाच सुरू ठेवून उभे होते, आणि कुंडी भरून पाणी वाहत होतं.

रविवारी आम्ही हायवेवरच्या गाद्यांच्या दुकानात गेलो. पुढची सबंध बाजू काचेची, समोर बसथांबा. दुकानाचा मालक माझाच विद्यार्थी निघाला. चौथीत होता तेव्हा शेवटच्या बाकावर बसून पेंगायचा. आता दोन मुलांचा बाप होता आणि लोकांना झोपवायचा धंदा करत होता. "बाई!" करून तो पाया पडला. त्यांच्याही पडला. मग आम्हाला एकेक गादी दाखवू लागला.

आम्ही दोघं हातानं दाबून पाहत होतो. ते तर कापड पारखल्यासारखे बोटांत कोपरा धरून चोळत होते.

"हातानं दाबून काय समजते, बाई? हात थोडाच झोपते गादीवर? आडवे होऊन पाहा ना," माझा विद्यार्थी म्हणाला.

एका काथ्याच्या गादीवर ते आडवे झाले. डोळे मिटले, चेहरा सुटला. "ही चांगली आहे," म्हणाले. मी त्याच गादीवर कूस करून पाहिली तर खांदा आणि कमरेचं हाड असं टोचलं की बैलगाडीच्या फळीवर झोपल्यासारखं वाटलं. मग मी एका जाड फोमच्या गादीवर टेकले. आहाहा! लहानपणी खळ्यावर तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगावर आम्ही लोळायचो, तसं मऊ. पण आत गेले ती गेलेच. उठायला जमेना. माझे हात धरून त्यांनी मला ओढून बाहेर काढलं, तेव्हा माझा विद्यार्थी तोंड फिरवून बिलबुकाकडे पाहत होता.

"तुमाले दोघांले मिळून पाहिजे ना? मंग मधलीच घ्या," तो म्हणाला. "कडक गादी पाठीले आवडते, पण कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याले नाही. एकदम मऊ असली का कंबर खाली जाते अन् सकाळी धरते. मीडियमवर दोघांचंही जमते. हायब्रीडमधी खाली स्प्रिंगा असतात, ते वजन धरते. वर फोम असते, ते हाडाले लागू देत नाही."

"मे महिन्यात काय?" त्यांनी विचारलं. "फोम तापते. आमच्या एका सोयऱ्याकडं गादी अशीच होती. कूलर लावला तरी पाठ भिजलेलीच."

"नुसता फोम तापते, काका. इथं खालून स्प्रिंगामधून हवा खेळते. थंड राहते असं मी म्हणत नाही, आपल्या उन्हाळ्यात काहीच थंड राहत नाही. पण तेवढी तापत नाही."

त्याचं हे उत्तर त्यांना आवडलं. नंतर म्हणाले, गिऱ्हाइकाला खोटं थंड सांगितलं असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

"दाखवा मंग," ते म्हणाले.

आता पंचाईत अशी, की मधली गादी एकच होती, आणि ती काचेला लागून मांडलेल्या पलंगावर. बाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे बसथांबा, थांब्यावर अर्धी साकोली.

"दोघांनी सोबत झोपूनच पाहावं लागते, बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "एकट्यानं समजत नाही. पाच-दहा मिनिटं तरी."

मी म्हटलं, "नको, बाबा. तशीच दे बांधून."

पण ते म्हणाले, "घ्यायची तर पाहूनच घेऊ."

माझ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात एक युक्ती आली. त्यानं बाहेर जाऊन आपला सामान पोचवायचा छोटा हत्ती टेम्पो काचेसमोर आडवा लावायला सांगितला. गाडीवर ताडपत्री होती, काच झाकली गेली. मी चपला काढल्या, पदर नीट खोचला, आणि मास्तरीण परीक्षेला बसावी तशी गादीवर पाठ टेकली. ते पलीकडून आडवे झाले. आमच्यामध्ये आणखी एक माणूस मावला असता.

"आता बाई, डोळे मिटा. काका कूस बदलतील. कळलं तर सांगा."

मी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हटलं, "आता वळले."

"नाही वळले."

पुन्हा थोडं थांबून मी म्हटलं, "आता."

"ते तर दोनदा वळून झाले, बाई. तुम्ही नापास," तो खूश होऊन म्हणाला. "म्हंजे गादी पास! हिच्यात हरेक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत शिवलेली असते. एकजण हालला तरी दुसऱ्याले समजत नाही."

ते एकदम उठून बसले. "खरंच समजलं नाही? की उगाच म्हणता?"

"खरंच नाही समजलं."

"पुन्हा पाहू," म्हणाले आणि पुन्हा झोपले. या वेळी मुद्दाम धाडकन वळले. मला किंचित कळलं, पण दूर कुणीतरी हालल्यासारखं. तसं सांगितलं. ते छताकडे पाहत पडून राहिले.

तेवढ्यात बाहेर इंजिनचा आवाज झाला. कुणाचा तरी फोन आला असावा. ड्रायव्हर छोटा हत्ती घेऊन चालता झाला. लखकन उजेड आत आला. थांब्यावर नुकतीच एक एसटी येऊन उभी होती आणि तिच्या खिडक्यांमधून डोकीच डोकी आमच्याकडे वळलेली. एक बाई तर शेजारणीला कोपरानं ढोसून दाखवत होती.

मी उठायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या, बाई. झोपलोच तर आहोत."

ओढून काढायचं नसताना चारचौघांत त्यांनी माझा हात धरायची ही पहिली वेळ. मी पडून राहिले. माझा विद्यार्थी ड्रायव्हरला हाका मारत बाहेर पळाला. आणि त्या काचेआड, अख्ख्या बससमोर, ते माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले.

"तिले शेवटची काही वर्षं उठता येत नव्हतं," ते म्हणाले. 'ती' म्हणजे त्यांची पहिली पत्नी, हे मला कळलं. "मी पलंगावर हाललो का तिले कळा लागत. म्हणून खाली सतरंजीवर झोपाची सवय केली. तिनं हात जरी हालवला तरी मले खालून समजे. तुमच्या पलंगावरही मी कूस बदलली का तुमी जाग्या होत होत्या. मले वाटलं, दिवसभर पोरांमागं ओरडून येते ही बाई, हिची झोप काहून मोडावी?"

मी इतके दिवस काय काय समजून बसले होते! मी म्हटलं, "मी तुमच्यानं जागी होत नव्हती. माझ्या खड्ड्यानं होत होती. मले वाटलं, तुम्हाले माझ्याजवळ नको वाटून राहिलं."

ते एकदम कोपरावर उठून माझ्याकडे पाहू लागले. "असं वाटलं तुमाले?"

"मंग काय वाटणार? अख्ख्या शाळेलेही तसंच वाटते."

ते हसायला लागले. आधी हळू, मग जोरात, मीही. बस निघाली तेव्हा आम्ही दोघं गादीवर उताणे पडून हसत होतो, आणि मागच्या खिडकीतून कुणीतरी हातही हालवला. त्यांनीही झोपल्या झोपल्या हात हालवून निरोप दिला.

गादी तीच पसंत केली.

नवी गादी आली ती गुंडाळलेली, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेली. शेजारच्या वहिनी लगेच पाहायला हजर. आम्ही कात्रीनं प्लॅस्टिक कापलं तशी गादी सुस्कारा टाकून उलगडली आणि फुगायला लागली. "अवं माय, हे तर फुगूनच राहिलं!" म्हणत वहिनी दारापर्यंत मागे सरल्या. नव्या फोमचा वास जाईपर्यंत आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या.

मग पलंगावर ठेवली आणि नवीन अडचण उभी राहिली. गादी जाड, पलंग आधीच उंच. मी बसले तर पाय अधांतरी. वर चढायला मला स्टूल लागलं. गादी चांगली मिळाली, पण तिच्यावर रोज चढाई करणं या गुडघ्यांना झेपणार नव्हतं.

ते पलंगाभोवती फिरले, वाकून पायांकडे पाहिलं, सागवानावर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गादी बदलून आणू. कमी जाडीची पाहू. तो पोरगा नाही म्हणणार नाही."

"पलंगाचे पाय कापले तर?"

"ते नाही कापता येत, बाई."

"काहून? लाकूडच तर आहे."

"लाकूड आहे, पण त्यांनी करवून घेतलेलं आहे," ते म्हणाले. माझ्या पहिल्या यजमानांबद्दल ते आजवर एक शब्द बोलले नव्हते. "मी येऊन पंधरा दिवस झाले नाही अन् त्यांच्या पलंगाले करवत लावू? तुमची पोरगी काय म्हणेल?"

मी पलंगाच्या कडेला उभी राहिले. ते लाकूड घरी आलं तो दिवस मला आठवत होता. त्या पलंगावर माझी मुलगी रांगली, त्याच पलंगावर मी एकटीनं वर्षं काढली. पण त्याच्या उंचीवर माझं काही प्रेम नव्हतं. यजमान उंच होते, त्यांनी स्वतःच्या मापानं केला होता. मी तरुणपणीही त्यावर उडी मारूनच बसत असे, आणि यजमानच मला हसत. हे मी आता यांना सांगितलं. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "पोरीले विचारून घ्या."

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "कापा, आई. पप्पांना तर तू रोज कुरकुर करायचीस उंच केला म्हणून."

सुतार दोन दिवस आला नाही. शेवटी त्यांनीच करवत मागून आणली. दोरीनं माप घेतलं, खडूनं चारही पायांवर खुणा केल्या, पुन्हा माप घेतलं. कापायच्या आधी पलंगाला हात लावून कपाळाला लावला. मी स्वयंपाकघरात भात टाकत होते, तिथून मला दिसलं. मी पाहिलं हे त्यांना कधी सांगितलं नाही.

सागवानाचा भुसा फरशीवर पडला आणि घरभर वास सुटला. पलंग बसला तेव्हा एका पायाला किंचित कमी पडत होतं. इतकी मापं घेऊनही! ते फार खजील झाले. मी खाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि बसून दाखवलं. दोन्ही तळवे फरशीला टेकले.

गादी चांगली निघाली. पहिल्या आठवड्यात मला थोडी कडक वाटली, त्यांना थोडी मऊ, म्हणजे दोघांनीही आपापली कुरकुर सारखी केली. मग सवय झाली. सकाळी माझी कंबर धरायची, ते कमी झालं. ते कुशीवर झोपले तरी त्यांचा खांदा दुखेना. दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता ते गाढ झोपतात, चष्मा तसाच नाकावर, आणि घोरतात. घोरणं मात्र कुठल्याही स्प्रिंगनं थांबत नाही. मेमध्ये कूलरसमोर पाठ भिजली, पण त्यांना भीती होती तितकी नाही. शेजारच्या वहिनी एका दुपारी "पाहू तर" म्हणून टेकल्या आणि चांगला तासभर झोपून गेल्या. उठल्यावर म्हणाल्या, "आमच्या यांले सांगते आता," आणि बाहेर जाऊन गावभर नवीन गोष्ट सांगितली. या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

ते अधूनमधून मोहाडीला जातात. माल पाहायचा असतो, नातवंडांना भेटायचं असतं. आधी दोन-दोन दिवस राहायचे. आता सकाळच्या बसनं जातात आणि अंधार पडायच्या आत परत येतात. मध्यंतरी मी सोबत गेले होते. जेवताना त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमाले इथली बाज जमत नसन तर इथंही तशीच गादी घेऊन टाकू. दोन दिवस आरामात राहाल."

त्यांनी भाताचा घास खाली ठेवला.

"नको रे," म्हणाले. "मंग संध्याकाळी घरी जायले काय कारण सांगू?"

सून हसली, मुलगा ताटात पाहू लागला, आणि मी उठून उगाचच वरणाचं भांडं आणायला आत गेले.